शेवटच्या काळातलं देवाविरुद्धचं बंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्गात थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय आला की त्या दिवशी पुढं सरकायचं नाव नको. प्रेषित पौल तिथं सांगतो की प्रभूचा दिवस, म्हणजे ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा दिवस, उगवण्याआधी ‘धर्मत्याग’ होईल आणि ‘अनीतिमान पुरुष’ प्रकट होईल. बारा-तेरा ओळी, पण प्रश्न संपत नाहीत. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथं ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत तिथं ते सांगितले आहेत. माझा कल कुठं आहे तेही लपवलेलं नाही.

‘धर्मत्याग’ म्हणजे धर्मांतर का?

नाही. हा घोटाळा मराठी शब्दामुळं होतो. ‘धर्मत्याग’ म्हटलं की एक धर्म सोडून दुसरा धरणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढं येतो. पौलाचा ग्रीक शब्द आहे ‘अपोस्तासिया’. फारकत घेणं, लांब जाऊन उभं राहणं असा त्याचा गाभा. त्या काळी हा शब्द राजकारणातही चालायचा: एखाद्या प्रांतानं सम्राटाची सत्ता झुगारली की ती अपोस्तासिया. यहुदी इतिहासकार योसेफसनं रोमविरुद्धच्या उठावाला हाच शब्द वापरला आहे. तेव्हा ‘बंड’ म्हटलं तर अर्थाच्या जास्त जवळ जातो. ज्याची सत्ता एकदा मान्य केली होती, त्याच्याविरुद्ध उठणं.

या शब्दाचा मागचा प्रवासही बघण्यासारखा आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो यहोशवाच्या २२ व्या अध्यायात येतो. यार्देन नदीच्या काठावर इस्राएलाच्या अडीच वंशांनी एक मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएलानं ठरवून टाकलं की हे परमेश्वराविरुद्ध बंड आहे, आणि शिलोला लढाईसाठी लोक जमले. चौकशी केल्यावर कळलं की वेदी यज्ञासाठी नव्हतीच, साक्षीसाठी होती. भाऊबंदांची कत्तल एका गैरसमजावरून होता होता टळली.

नव्या करारात हे नाम दोनदाच येतं. एक या पत्रात. दुसरं प्रेषितांची कृत्ये २१:२१ मध्ये, आणि तिथं आरोपी आहे खुद्द पौल. यरुशलेमेत बोभाटा झाला होता की हा माणूस यहुद्यांना मोशेविरुद्ध अपोस्तासिया शिकवतो. म्हणजे ज्यानं आपल्याला या बंडाबद्दल सावध केलं, त्याच्यावरच पुढं बंडखोरीचा शिक्का बसला. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांमध्ये ‘हे बंडखोर म्हणजे अमके तमके का?’ असं काहीतरी दडलेलं असतं.

पौलानं हे कुणाला आणि कशासाठी लिहिलं?

थेस्सलनीका म्हणजे मासेदोनियातलं मोठं बंदर; रोमकडून पूर्वेकडं जाणारा एग्नातिया महामार्ग तिथून जायचा. पौल तिथं थोडेच दिवस राहिला, दंगा झाला, रातोरात निघावं लागलं. मागं राहिली ती कोवळी मंडळी, म्हणजे नवख्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय. थेस्सलनीकेला त्यानं पहिलं पत्र करिंथहून धाडलं. करिंथमध्ये त्याला ज्या रोमी सुभेदार गल्लियोपुढं उभं केलं, त्या गल्लियोचं नाव असलेला शिलालेख ग्रीसमधल्या डेल्फीला सापडला आहे. त्यावरून हा काळ इ. स. ५० ते ५२ च्या आसपासचा धरतात. दुसरं पत्र पौलाचंच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

कारण मात्र पत्रातच आहे. ‘प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे’ अशी आवई मंडळीत उठली होती. कुणी आत्म्याचा संदेश म्हणून सांगत होतं, कुणी तोंडी, आणि कुणीतरी चक्क पौलाच्या नावावर पत्र फिरवलं होतं. लोक हादरले होते. पौल म्हणतो, घाबरू नका. आधी बंड होईल, अनीतिमान पुरुष प्रकट होईल, मग तो दिवस. ही भविष्यवाणी घाबरलेल्यांना शांत करायला लिहिली गेली. आज तिच्या नावावर लोकांची झोप उडवली जाते याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते.

ही शिकवण फक्त याच पत्रात आहे का?

नाही. मत्तय २४ मध्ये येशू म्हणतो की पुष्कळ जण अडखळतील, एकमेकांना धरून देतील आणि अनीती वाढल्यामुळं पुष्कळांची प्रीती थंडावेल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:१) पुढल्या काळात काही जण विश्वासापासून ढळतील असं आहे. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्वार्थी, पैसालोभी, भक्तीचं केवळ बाह्य रूप राखणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. पेत्राचं दुसरं पत्र, यहूदाचं पत्र, योहानाचं पहिलं पत्र आणि बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, सगळीकडं हा धागा आहे. जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाची पार्श्वभूमी तर सगळ्यांच्याच मागं आहे. पण ‘ते बंड’ असा नेमका, जणू ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे असा उल्लेख फक्त थेस्सलनीकाकरांना केला आहे.

बंड करणार कोण? जग की मंडळी?

वाद आहे, पण माझ्या मते झुकतं माप ‘आतल्यांकडं’ जातं. ज्यानं सत्ता कधी मानलीच नाही तो शत्रू असतो. बंडखोर व्हायला आधी प्रजा असावं लागतं.

पौल अनीतिमान पुरुषाला ‘नाशाचा पुत्र’ म्हणतो. नव्या करारात हे शब्द आणखी एकाच माणसासाठी आले आहेत: योहान १७:१२ मध्ये, यहूदा इस्कार्योतासाठी. यहूदा कोण होता? येशूला धरून देणारा, पण त्याच्या बारा शिष्यांतलाच एक. पैशाची थैली त्याच्याकडं असायची. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं घास बुचकळून त्याच्या हातात दिला. एवढ्या जवळच्या माणसाचं विशेषण शेवटच्या बंडखोराला लावलं आहे. योहानही ख्रिस्तविरोधकांबद्दल म्हणतो की ते आपल्यातूनच निघाले (१ योहान २:१९).

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच अध्यायात पुढं सत्याची प्रीती न स्वीकारणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की हे बंड सगळ्या मानवजातीचं, देवानं घालून दिलेल्या व्यवस्थेविरुद्धचं आहे. दोन्ही एकत्रही असू शकतं.

अनीतिमान पुरुष म्हणजेच ख्रिस्तविरोधक का? आणि प्रकटीकरणातलं श्वापद?

बहुतेक परंपरा या तिघांना एकच मानतात, आणि त्याला आधारही आहे. पण बायबल स्वतः तसं कुठंही जोडून दाखवत नाही. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही! तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथंही योहान म्हणतो की आताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक उठले आहेत. अनेकवचन. ‘अनीतिमान’ या शब्दाच्या जागी काही जुन्या हस्तलिखितांत ‘पापपुरुष’ आहे. सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या प्राचीन प्रतींत मात्र ‘अनीतीचा’ असंच आहे आणि आजची बहुतेक भाषांतरं तेच घेतात.

दानीएल ११:३६ मधला राजा स्वतःला सर्व देवांहून थोर मानतो. पौलाची भाषा तिथूनच आली आहे यात मला शंका वाटत नाही. त्या वर्णनामागं सीरियाचा राजा अंतियुख चौथा उभा आहे. इ. स. पूर्व १६७ मध्ये त्यानं यरुशलेमेच्या मंदिरात परक्या दैवताची पूजा सुरू केली. त्या काळच्या यहुदी उठावाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात (२:१५) त्याचे अधिकारी मोदीन गावात लोकांना यज्ञ करायला लावायला येतात, आणि ज्या गोष्टीची ते सक्ती करत होते तिच्यासाठी तिथं शब्द आहे… अपोस्तासिया.

अनीतिमान पुरुष ‘देवाच्या मंदिरात बसतो’ म्हणजे कोणतं मंदिर?

पत्र पौलाच्या हयातीतलं असेल तर यरुशलेमेचं मंदिर तेव्हा उभं होतं, ते इ. स. ७० मध्ये रोमी सैन्यानं पाडलं. आणि वाचकांच्या आठवणीत एक ताजी घटना असणार. साधारण दहा वर्षांपूर्वी सम्राट कालिगुलानं त्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम काढला होता. सीरियाचा सुभेदार पेत्रोनियस यानं जाणूनबुजून वेळ काढला, आणि इ. स. ४१ च्या जानेवारीत कालिगुलाचा खून झाला म्हणून प्रकरण मिटलं. ‘मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवणारा’ हे शब्द ऐकल्यावर त्या पिढीला कल्पना करायची गरज नव्हती.

पुढं दोन वाटा फुटल्या. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसनं हे यरुशलेमेतलं खरंखुरं मंदिर मानलं. आजचे भविष्यवादीही (हे सगळं अजून घडायचं आहे असं मानणारे) तसंच मानतात, म्हणून त्यांना मंदिर पुन्हा बांधलं जाणं आवश्यक वाटतं. दुसरा पक्ष पौलाकडंच बोट दाखवतो: करिंथकरांना तो ‘तुम्ही देवाचं मंदिर आहात’ असं म्हणतो, शब्दही तोच. मग बसण्याची जागा म्हणजे मंडळी. मला दुसरी वाट जास्त पटते, पण पहिलीला मूर्खपणा म्हणणार नाही.

त्याला अडवून धरणारा कोण?

अनीतिमान पुरुषाला प्रकट होण्यापासून सध्या काहीतरी अडवून धरतंय असं पौल म्हणतो, पण ते काय हे सांगत नाही. प्रामाणिक उत्तर हवं असेल तर प्राचीन मंडळीतल्या बिशप ऑगस्टीनचं घ्या. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात तो सरळ कबूल करतो की पौलाला इथं काय म्हणायचंय ते आपल्याला कळत नाही. एवढा मोठा विद्वान, आणि हात वर करतो.

अडचण भाषेतच आहे. सहाव्या वचनात पौल ‘जे अडवतं ते’ असं नपुंसकलिंगी म्हणतो आणि सातव्यात ‘जो अडवतो तो’ असं पुल्लिंगी. वस्तू की व्यक्ती? पाचव्या वचनात तर तो म्हणतो, मी तुमच्याकडं असताना हे सांगत होतो, आठवत नाही का? त्यांना आठवत असणार. आपण तिथं नव्हतो.

तर्क बरेच झाले. प्राचीन ख्रिस्ती लेखक तर्तुलियनच्या मते रोमी साम्राज्य टिकून आहे तोवर शेवट लांबतो, म्हणून ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतात. क्रिसोस्तमही रोमच म्हणतो: साम्राज्य ही वस्तू, सम्राट ही व्यक्ती, दोन्ही लिंगं जुळली. रोमचं साम्राज्य गेलं आणि अनीतिमान पुरुष आला नाही, तेव्हा अर्थ ‘कायदा-सुव्यवस्था राखणारी राजसत्ता’ असा रुंद केला गेला. प्रोटेस्टंट सुधारक काल्विन म्हणतो, सुवार्तेचा प्रचार सर्वत्र होईपर्यंत. काहींना आद्यदूत मीखाएल वाटतो, कारण दानीएलाच्या १२ व्या अध्यायात तो उठतो आणि मग संकटाचा काळ येतो. एकोणिसाव्या शतकापासून जोर धरलेल्या विचारसरणीत तो अडवणारा म्हणजे पवित्र आत्मा, मंडळीत वास करणारा.

‘मला नक्की ठाऊक आहे’ असं म्हणणारा वक्ता भेटला तर त्याला ऑगस्टीनची आठवण करून द्यावी.

अपोस्तासिया म्हणजे मंडळीचं वर उचललं जाणं, असं ऐकलं. खरं का?

हा अर्थ मुख्यतः विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पसरला. युक्तिवाद असा: शब्दात ‘निघून जाणं’ हा अर्थ आहे; टिंडेलच्या १५२६ च्या आणि जिनिव्हाच्या १५६० च्या इंग्रजी भाषांतरांत ‘निघून जाणं’ असाच शब्द होता; मग हे विश्वासणाऱ्यांचं पृथ्वीवरून निघून जाणंच.

मला हे ओढूनताणून वाटतं. त्या जुन्या भाषांतरकारांच्या मनात विश्वासापासून निघून जाणंच होतं. मंडळी शेवटच्या मोठ्या संकटाआधी गुपचूप स्वर्गात उचलली जाईल ही शिकवण जॉन नेल्सन डार्बीनं मांडली ती १८३० च्या दशकात. शिवाय जुन्या करारात आणि मक्काबींत हा शब्द बंडासाठीच आला आहे. आणि उचललं जाण्यासाठी पौलानं याच मंडळीला पहिल्या पत्रात (४:१७) वेगळा शब्द वापरला होता. संकटापूर्वी उचललं जाणं मानणारेही कित्येक अभ्यासक हा अर्थ मानत नाहीत. त्यांना त्याची गरजही नाही.

पहिलं बंड सैतानाचं, हे बायबलमध्ये कुठं आहे?

सलग गोष्ट म्हणून कुठंच नाही. यशयाच्या १४ व्या अध्यायातला आकाशातून पडलेला प्रभाततारा हा बाबेलच्या राजाचा उपहास आहे, तसं चौथ्या वचनात स्पष्ट लिहिलंय. यहेज्केल २८ सोरच्या राजाबद्दल आहे. मंडळीतल्या प्राचीन आचार्यांनी त्या राजांच्या गर्वामागं सैतानाचा गर्व पाहिला आणि ते वाचन रूढ झालं. प्रकटीकरण १२ मध्ये अजगर आणि मीखाएल यांचं युद्ध आहे.

‘लूसिफर’ हे तर सैतानाचं नावही नव्हे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पहाटेचा तारा. लॅटिन बायबलमध्ये पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:१९) अंतःकरणात उगवणाऱ्या ताऱ्यासाठी हाच शब्द आहे. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरच्या काग्लियारीला या नावाचे एक बिशप होते, आणि ते कट्टर सनातनी होते!

शेवटच्या बंडाशी याचा संबंध एवढाच की दोन्हीकडं आकांक्षा एकच आहे: परात्परासारखं होणं, त्याच्या आसनावर बसणं.

देव स्वतःच ‘भ्रांती पाठवतो’ असं ११ व्या वचनात आहे. मग दोष कुणाचा?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, आणि विचारणारा सहसा वर्ग संपल्यावर थांबून हळू आवाजात विचारतो.

वचनांचा क्रम बघा. दहाव्यात लोकांनी सत्याची प्रीती स्वीकारली नाही. ‘त्यामुळं’ अकराव्यात भ्रांती येते. बाराव्यात पुन्हा त्यांनी अनीतीत आनंद मानला असं आहे. भ्रांतीच्या आधीही त्यांची निवड आहे, नंतरही. रोमकरांच्या पहिल्या अध्यायात पौल तीनदा म्हणतो की देवानं त्यांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केलं. फारोच्या गोष्टीतही पहिल्या काही पीडांनंतर फारो स्वतःच मन कठोर करतो. परमेश्वरानं त्याचं मन कठोर केलं हे त्यानंतर, निर्गम ९:१२ मध्ये येतं. (तसं होईल, हे देवानं मोशेला आधीच सांगितलं होतं, हेही तितकंच खरं, ते सोयीस्करपणे गाळू नये.) काल्विनच्या परंपरेत याच्याही मागं देवाचा निर्णय पाहतात, आर्मिनियसच्या परंपरेत माणसाच्या नकाराचं फळ. मी या बाबतीत दुसऱ्यांच्या जवळ आहे. तरीही ते वचन वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा असंच पौलानं लिहिलं आहे.

हे सगळं होऊन गेलं आहे का?

चार तऱ्हांची उत्तरं आहेत. काही म्हणतात, पहिल्या शतकातच झालं: बंड म्हणजे इ. स. ६६ मधला यहुद्यांचा रोमविरुद्धचा उठाव, आणि न्याय म्हणजे ७० मधला मंदिराचा विध्वंस. काही म्हणतात, इतिहासभर चालू आहे. प्रोटेस्टंट सुधारकांनी पोपच्या सत्तेकडं बोट दाखवलं. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात तसं नाव घेऊन लिहिलंय. त्याच्या कितीतरी आधी, सुधारकांच्या आरोपाला उत्तर म्हणून, कॅथॉलिकांतल्या जेझुइट पंथाच्या फ्रान्सिस्को रिबेरानं १५९० च्या सुमारास बरंचसं प्रकटीकरण भविष्यावर ढकललं, आणि त्याच पंथाच्या लुईस दे अल्काझारनं १६१४ मध्ये भूतकाळावर. एकाच आरोपाला दोन परस्परविरोधी बचाव! तिसरं उत्तर, सगळं अजून व्हायचं आहे. चौथं, ही चित्रं प्रत्येक युगातल्या संघर्षाची आहेत.

कॅथॉलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद ६७५) म्हटलंय की ख्रिस्ताच्या येण्यापूर्वी मंडळीला शेवटच्या कसोटीतून जावं लागेल आणि तिच्यात पुष्कळांचा विश्वास डळमळेल. म्हणजे या मुद्द्यावर रोम आणि प्रोटेस्टंट भविष्यवादी आज फारसे लांब नाहीत.

छळाला भिऊन विश्वास सोडला तर तेही बंडच का? परत येता येतं का?

हा प्रश्न मंडळीनं एकदा प्रत्यक्ष भोगला आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट देकियसनं साम्राज्यातल्या सगळ्यांना देवतांना यज्ञ करून दाखला घ्यायला लावलं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यातला एक बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचा आहे, उजव्या भुवईवर व्रण, तारीख २६ जून. मजकूर साधारण असा: मी नेहमीच देवांना यज्ञ करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे अर्पण केलं, पेय ओतलं, नैवेद्य चाखला, कृपया सही करावी. तो ख्रिस्ती होता की नव्हता, कागदावरून कळत नाही. एक दाखला तर एका देवळाच्या पुजारिणीचाच आहे. पण अशाच कागदासाठी हजारो ख्रिस्ती लोक रांगेत उभे राहिले. काहींनी यज्ञ केला, काहींनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला.

छळ ओसरल्यावर हे सगळे दारात परत आले. रोममध्ये नोवातियन नावाचा पाळक म्हणाला, घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि २५१ च्या तिथल्या सभेनं मधला मार्ग काढला: प्रायश्चित्त घ्या, मुदत पाळा, मग या. नुसता कागद घेणाऱ्यांना सौम्य, यज्ञ करणाऱ्यांना कडक. आणि हे ठरवणारा सिप्रियन स्वतः छळाच्या वेळी लपून बसला होता. लोकांनी ते त्याला ऐकवलंही.

इब्री लोकांस पत्रातलं सहाव्या अध्यायातलं वचन, पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य आहे, हे वाचून खचलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी पेत्राकडं नेतो. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू त्याला भेटतो तेव्हाही समोर कोळशाचा विस्तव आहे (२१:९). हा ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तिथं तो त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का?

मनात शंका येतात. हा धर्मत्याग का?

नाही. येशूचा शिष्य थोमा यालाही आल्या, आणि त्यानं आपली शंका बाकीच्या शिष्यांसमोर उघड बोलून दाखवली. बंडखोर समोर येऊन विचारत नाही.

६६६, हातातली चिप, बारकोड, लस?

प्रकटीकरण १३ मध्ये श्वापदाची खूण आणि त्याचा आकडा ६६६ आहे. ती खूण उपासनेशी जोडलेली आहे: कुणाला दंडवत घालता, हा तिथला प्रश्न आहे. नकळत, दुकानात किंवा दवाखान्यात घडणारी गोष्ट म्हणून ती तिथं सांगितलेली नाही. आकड्याबद्दल बोलायचं तर ‘नेरोन कैसर’ (सम्राट नीरो) हे हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. शेवटचा ‘न’ काढला की ६१६, आणि काही जुन्या प्रतींत ६१६ आहेही. प्रत्येक नव्या यंत्राला हा आकडा चिकटवायचा खेळ मी आता थांबवत बसत नाही, पुढं जातो.

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यानंतर पुन्हा बंड कसं?

प्रकटीकरण २०:७-१०. सैतान बंदिवासातून सुटतो, राष्ट्रांना फसवतो, गोग आणि मागोग ही राष्ट्रं समुद्राच्या वाळूइतकी जमतात, पवित्र जनांच्या छावणीला वेढा घालतात, आणि आकाशातून अग्नी पडून भस्म होतात. लढाईचं वर्णनच नाही. एका वाक्यात संपतं.

जे हजार वर्षं शब्दशः घेतात त्यांच्या मते हे दुसरं, वेगळं बंड आहे, आणि त्यातून दिसतं की उत्तम राज्यकारभार मिळाला तरी माणसाचं मन आपोआप बदलत नाही. जे ती संख्या प्रतीक मानतात त्यांना हे आणि थेस्सलनीकाकरांतलं बंड एकच वाटतं, दोन कोनांतून पाहिलेलं. मी दुसऱ्या गटात आहे, पण पहिल्या गटाचा मुद्दा मला जास्त खोल वाटतो. असं होतं कधीकधी.

आज लोक चर्च सोडताहेत. हेच ते बंड का?

काही देशांत चर्चं ओस पडत असताना आफ्रिकेत गेल्या शंभर वर्षांत मंडळी प्रचंड वाढली. मग कोणता नकाशा पुढं ठेवून भविष्यवाणी वाचायची? पौलाचं बंड अनीतिमान पुरुषाच्या प्रकट होण्याशी बांधलेलं आहे. रविवारची हजेरी घटणं त्यात बसत नाही. शिवाय सोडून गेलेल्यांपैकी कित्येक जण देवावर नव्हे, पाळकावर रागावून गेलेले असतात. त्यांच्यावर हा शब्द फेकण्याआधी यार्देनेकाठची वेदी आठवावी.

मग तारीख कधीची?

विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. दुसरा दिवस नेहमीसारखा उजाडला. हॅरल्ड कॅम्पिंगनं २१ मे २०११ सांगितली, त्याआधी १९९४ सांगून झालं होतं. थेस्सलनीकेतली चूक याच्या उलट होती: तिथं ‘अमुक दिवशी येणार’ नव्हे, ‘आलाच’ म्हणत होते. परिणाम दोन्हीकडं सारखा. तिसऱ्या अध्यायात दिसतं की काही जणांनी कामधंदा सोडला होता आणि इतरांच्या घरात लुडबुड चालवली होती. काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये, असं पौल त्यांना सुनावतो. तो कामधंदा शेवटाच्या अपेक्षेनंच सुटला असं तो स्पष्ट म्हणत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत.

पत्र पौलाचं नाही असंही म्हणतात. मग?

म्हणतात खरं. पहिल्या पत्रात तो दिवस चोरासारखा अचानक येतो, दुसऱ्यात आधी चिन्हं सांगितली आहेत. शिवाय भाषा पहिल्याची नक्कल वाटावी इतकी जुळते. उलट बाजूचे म्हणतात की घाबरलेल्यांशी आणि बेसावध लोकांशी एकच माणूस वेगवेगळं बोलतो. मला दुसरं पटतं.

गंमत म्हणजे दोन्ही पक्षांचा आवडता पुरावा एकच आहे. तोवर पौल सांगत होता आणि लेखनिक लिहीत होता. अगदी शेवटी, ३:१७ मध्ये, पौल बोरू स्वतःच्या हातात घेतो: हा सलाम मी पौल माझ्या हातानं लिहितो, प्रत्येक पत्रात ही खूण असते, मी असा लिहितो. एक पक्ष म्हणतो, इतकं ठासून सांगतोय म्हणजे नक्कलच. दुसरा म्हणतो, याच्या नावानं खोटं पत्र नुकतंच फिरलं होतं, मग तो आणखी काय करणार? मूळ कागद आता नाही. त्या ओळीपाशी अक्षराचं वळण बदललेलं थेस्सलनीकेच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं असेल.